राजीनामा खिशात ठेवा, आधी हिशोब मागा

या महिन्यात मेकअप, आवाज, ऑडिशन असले नेहमीचे प्रश्न बाजूला ठेवलेत. नाट्यस्पर्धेचा सीझन तोंडावर आला की दरवर्षी जे होतं तेच यंदाही झालंय, नाटकाच्या संस्था फुटायला लागल्यात आणि आलेल्या पत्रांत निम्मी त्याचीच आहेत. त्यातली चार घेतेय. नावं कुणाचीच छापत नाही, गावं तेवढी ठेवलीत.

प्रश्न : ताई नमस्कार. आमची हौशी संस्था आहे, रजिस्टर्ड, बरीच जुनी. मी १२ वर्षं काम करतोय. अध्यक्ष पहिल्यापासून एकच. वार्षिक सभा होते पण चहा, बिस्किटं आणि "मागील इतिवृत्त वाचून कायम" एवढीच. मागे स्पर्धेत बक्षीस आलं त्याचे पैसे कुठे गेले कळलं नाही, नंतर तीन कॉन्ट्रॅक्ट प्रयोग (ठरावीक रक्कम घेऊन दुसऱ्यांसाठी केलेले) झाले त्याचंही तेच, आम्हाला प्रत्येकी एक नारळ आणि शाल. यंदा नवीन नाटक घेतलंय, आमच्याच गावातल्या मुलाने लिहिलेलं, दोन महिने तालमी झाल्या आणि मागच्या आठवड्यात रात्री साडेअकराला ग्रुपवर मेसेज, मेन रोल बदललाय, अध्यक्षांच्या भाच्याला दिलाय. दिग्दर्शकालाही तेव्हाच कळलं. आम्ही २१ पैकी १३ जण बाहेर पडायचं म्हणतोय, दिग्दर्शक आमच्या बाजूने आहे, सगळ्यांच्या सह्यांचं राजीनाम्याचं पत्र तयार आहे. नाटक आमच्याबरोबर नेता येईल का? सेट आम्हीच रात्र रात्र जागून बनवलाय, तो नेता येईल का? आणि बाहेर पडतोय हे बरोबर करतोय ना?
— नाव नको, सांगली

उत्तर : पत्र तयार आहे म्हणताय, दिलं नाहीये ना अजून? नका देऊ. खिशात ठेवा.

का ते सांगते. आम्हीही एकदा असंच पत्र दिलं होतं, मी तेव्हा पंचविशीत, आमच्या संस्थेत आम्ही नऊ जण पेटलेलो. माझं अक्षर बरं म्हणून पत्र मी लिहिलं, "स्वाभिमान" हा शब्द त्यात तीन वेळा होता मला पक्कं आठवतंय. शाळेच्या वर्गात तालीम चालायची, तिथे सचिवांच्या हातात दिलं. आम्हाला वाटलेलं आता मोठा सीन होणार, ते हादरणार, थांबा म्हणणार. त्यांनी शांतपणे वाचलं, चष्मा काढला, खिशातलं पेन काढून वरच्या कोपऱ्यात आवक क्रमांक टाकला, तारीख टाकली आणि म्हणाले कार्यकारिणीसमोर ठेवतो. आठ दिवसांनी पोस्टाने नऊ जणांना नऊ पाकिटं, राजीनामा मंजूर, पुढील वाटचालीस शुभेच्छा. आणि पंधरा दिवसांनी वार्षिक सभा होती तिथे आम्ही हिशोब विचारायला गेलो तर दारातच विचारलं, तुम्ही सभासद आहात का? झालं! जे विचारायचं होतं ते विचारायचा हक्कच आम्ही स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहून देऊन टाकला होता. नवापैकी तिघं त्याच महिन्यात परत गेले, त्यातली एक माझी अगदी जवळची मैत्रीण, तिला माझाच रोल मिळाला, आणि खरं सांगू का, तिने तो माझ्यापेक्षा बरा केला.

तर तुम्ही १३ जण आहात, २१ मध्ये १३ म्हणजे बहुमत झालं की हो! (सगळे रीतसर सभासद आहात ना तेवढं बघा, वर्गणी भरलेली आहे ना, पावत्या आहेत ना. हौशी संस्थांत निम्मे लोक फक्त तालमीला येतात आणि सभासद कधी झालेलेच नसतात.) बहुमतवाल्यांनी राजीनामे द्यायचे आणि आठ जणांच्या हातात संस्था, नाव, बँकेतली शिल्लक, दिवे, कपडेपट सगळं सोडून यायचं, हा कुठला निषेध? आधी संस्थेची घटना काढा. घटना म्हणजे ते पिवळं पडलेलं चोपडं, जे सचिवांच्या माळ्यावर असतं. त्यात विशेष सभा बोलवायला किती सभासदांच्या सह्या लागतात ते लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या बहुतेक हौशी संस्था १८६० च्या सोसायटी कायद्याखाली नोंदलेल्या असतात आणि शिवाय धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्ट म्हणूनही, म्हणजे ऑडिट केलेला हिशोब तिकडे द्यावा लागतो, आणि कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांच्या आत बदल अर्ज करावा लागतो. सचिव घटना देत नसतील तर धर्मादायच्या ऑफिसात अर्ज करून, फी भरून नक्कल मागा. तिथे गेलात की बऱ्याचदा असं कळतं की गेली कित्येक वर्षं बदल अर्जच नाहीये आणि कागदावर अजून वारलेले लोक उपाध्यक्ष आहेत. अशी माहिती हातात असली की सभेतला आवाज आपोआप बदलतो, चढवावा लागत नाही.

आता नाटक. तुम्ही, दिग्दर्शक, अध्यक्ष, भाचा, यातलं कुणीच नाटकाचं मालक नाही. नाटक त्या लिहिणाऱ्या मुलाचं आहे. त्याने हक्क लेखी लिहून दिलेले नसतील तर ते त्याच्याकडेच आहेत, तोंडी "घ्या तुमचंच आहे" म्हणाला असेल तर ती प्रयोगाची परवानगी झाली, मालकी नाही झाली. लेखी दिलं असेल तर कागद नीट वाचा, मुदत लिहिलेली नसेल तर कायद्याने ती पाच वर्षं धरतात. म्हणजे तुम्ही १३ जणांनी कुठे बसून काय ठरवताय त्यापेक्षा तो मुलगा काय म्हणतो ते महत्त्वाचं आहे, आणि मला खात्री आहे की त्याला अजून कुणी विचारलेलंच नाहीये. बिचारा घरी बसून दोन्ही बाजूंचे फोन घेत असेल. त्याच्याकडे जा, पण दमात घ्यायला नको, त्याचं पहिलंच नाटक असेल तर त्याला फक्त ते रंगमंचावर बघायचंय. संगीत कुणी दुसऱ्याने केलं असेल तर त्याचंही वेगळं विचारावं लागेल. आणि स्पर्धेचं म्हणाल तर प्रवेशिका संस्थेच्या नावाने जाते, कलाकारांच्या नाही, लेखकाचं परवानगीपत्र तिला जोडलेलं असतं. यंदाची प्रवेशिका गेली असेल तर यंदाचा प्रयोग त्या संस्थेचा, हे धरून चला.

सेट नाही नेता येणार. तुम्ही रात्र रात्र जागलात हे खरंय, मी पण जागलेय, खळ शिजवून कापड ताणून फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंती, बनवलेत, हाताची सालं निघेपर्यंत. पण प्लायवूडचं बिल कुणाच्या नावावर आहे? संस्थेच्या ना? मग त्या लेव्हल (सेटवरचे उंच चौथरे), ती चौकट, तो खोटा जिना संस्थेचा. रात्री टेम्पो लावून सेट पळवल्याच्या शूर कथा प्रत्येक गावात आहेत, त्यातल्या बऱ्याच पोलीस स्टेशनात संपतात. घरून आणलेल्या वस्तू मात्र आजच घेऊन या, आईची पैठणी, आजीचा पितळी डबा, कंदील. त्याची यादी करा आणि सही घ्या. आमच्या वेळी माझ्या आजीचा पानपुडा गेला तो गेलाच, पुढे त्या संस्थेच्या चार नाटकांत मी तो प्रेक्षकांत बसून बघितलाय.

उरला शेवटचा प्रश्न, बरोबर आहे का. त्यावर उलटा प्रश्न विचारते, तुम्हाला नाटक हवंय की संस्था हवीय? ही दोन वेगळी भांडणं आहेत आणि तुमच्या पत्रात ती एकात एक गुंतलीत. हिशोबाचं भांडण संस्थेत राहून करायचं असतं. भाच्याचं भांडण वेगळं आहे, दिग्दर्शकाला न विचारता पात्र बदलणं म्हणजे नाटकाच्या कामात हात घालणं झालं, आणि ते थांबत नसेल तर बाहेर पडण्याला अर्थ आहे.

पुण्याचं उदाहरण सगळ्यांना माहीत असतं पण अर्धवट. १६ डिसेंबर १९७२ ला भरत नाट्य मंदिरात घाशीराम कोतवालचा पहिला प्रयोग झाला, संस्था पी.डी.ए. म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन. तेंडुलकरांचं नाटक, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत, मुळगुंदांची नृत्यं, नाना फडणवीसांच्या भूमिकेत मोहन आगाशे. नाना फडणवीस आणि पेशवाईतले ब्राह्मण असे दाखवलेत म्हणून पुण्यात गदारोळ झाला आणि १९ प्रयोगांनंतर अध्यक्ष भालबा केळकरांनी नाटक थांबवलं. मंडळी बाहेर पडली, २७ मार्च १९७३ ला थिएटर अकॅडमी काढली आणि ११ जानेवारी १९७४ ला घाशीराम पुन्हा उभं राहिलं, १९८० मध्ये ते युरोपात जाऊन आलं. ही झाली सगळ्यांना पाठ असलेली स्टोरी. आता त्यातलं काय बघायचं, तर त्यांचं भांडण पैशाचं नव्हतं की रोलचं नव्हतं, एका नाटकाचं होतं, ते चालू ठेवायचं की नाही एवढंच. त्यामुळे बाहेर पडल्यावर काय करायचं हे पहिल्या दिवशीच ठरलेलं होतं. तरीही मधे जवळजवळ दहा महिने गेले! मार्च ते जानेवारी. तालमीला जागा, पैसे, वाद्यं, एवढ्या मोठ्या संचाची मोट बांधून ठेवणं. नाचगाण्याचं, माणसांच्या भिंतीचं (नटच ओळीने उभे राहून भिंत होतात) नाटक ते, दोन जण गळाले तरी भिंतीला भोक पडतं. आणि १९७४ मध्येच त्यांनी सतीश आळेकरांचं महानिर्वाण केलं, म्हणजे एक नाटक वाचवायला म्हणून निघालेले लोक त्यावरच बसून राहिले नाहीत.

तुमच्या १३ जणांकडे पुढच्या दहा महिन्यांचं काय आहे? हे सगळ्यांना एकत्र बसवून विचारा, चहाच्या टपरीवर नको, घरी बसून. कोण किती काढणार, तालीम कुणाच्या गच्चीवर, बँकेत खातं कोण उघडणार, हिशोब कोण ठेवणार. या शेवटच्या प्रश्नावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले ना, की समजायचं अजून वेळ आहे. आणि १३ पैकी किती उरतील ते आधीच धरून चला, माझा अनुभव नवात सहाचा.

प्रश्न : माझे आजोबा संगीत नाटकांचे वेडे होते. बालगंधर्वांनी किर्लोस्कर कंपनी सोडली तेव्हा घरात सुतक पडल्यासारखं झालं होतं असं सांगायचे. ते नक्की का बाहेर पडले आणि मूळ कंपनीचं पुढे काय झालं? यूट्यूबवर नुसती पदं सापडतात, गोष्ट सापडत नाही.
— फोंडा, गोवा

उत्तर : फोंड्याहून पत्र आलंय म्हणून याचं उत्तर जरा ऐसपैस देते, कारण गोष्टीचा शेवट तुमच्याच तालुक्यात जातो.

किर्लोस्कर मंडळी १८८० ची, अण्णासाहेब किर्लोस्करांच्या शाकुंतलपासूनची. अण्णासाहेब १८८५ लाच गेले पण कंपनी चालली, भाऊराव कोल्हटकरांनी चालवली, मग नारायणराव राजहंस म्हणजे बालगंधर्व १९०५ मध्ये आले. १९११ मध्ये मानापमान आलं, कंपनी अगदी शिखरावर. त्याच वर्षी नानासाहेब जोगळेकर वारले, तेव्हाचे मोठे नट आणि कंपनीतलं वजनदार माणूस. मग कारभार राहिला व्यवस्थापक शंकरराव मुजुमदारांकडे, आणि त्यांचं नि मोठ्या नटांचं जमेना. प्रेक्षक कुणाला बघायला येतात आणि मालकी कुणाची, हा जो कुठल्याही कंपनीतला जुना ठणका तोच इथेही. १९१३ च्या जुलैत बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे तिघं बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी काढली, तिघंही मालक. म्हणजे नायिका, नट आणि हार्मोनियमवाला गवई, कंपनीचा जीवच बाहेर गेला म्हणा ना.

आता गंमत बघा. मालकीच्या प्रश्नावरून बाहेर पडलेली ही तीन माणसं, त्यातले टेंबे थोड्याच वर्षांत वेगळे झाले आणि स्वतःची शिवराज मंडळी काढली, पुढे बोडसही गेले, आणि गंधर्व कंपनी एकट्या नारायणरावांची झाली. आणि नारायणराव गायला देव होते पण मालक म्हणून, काय बोलायचं! खरे दागिने, भरजरी शालू, अत्तराचा फवारा, साथीला कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकवांचा तबला, कंपनीत पंगती उठतायत. कर्जाचा डोंगर झाला. शेवटी १९३५ ला ते प्रभातच्या धर्मात्मामध्ये सिनेमात उभे राहिलेले दिसतात. मुजुमदारांच्या जागी मला कुणी बसवलं असतं तर मी यांना लगाम घातला नसता असं मी छातीठोक नाही सांगू शकत. तुमच्या आजोबांना हे आवडलं नसतं, सॉरी.

आणि किर्लोस्करचं काय झालं? तर त्यांनी एक पोरगा उचलला. कोवळा, तेज गळ्याचा, तुमच्या मंगेशीचा. दीनानाथ. गंधर्व गेले तरी आमच्याकडे हा आहे म्हणून कंपनी पुन्हा थोडी उभी राहिली, आणि १९१८ मध्ये दीनानाथही बाहेर! चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्याबरोबर बळवंत संगीत मंडळी काढली. वय फक्त सतरा. केशवराव भोसल्यांनी १९०८ मध्ये हुबळीला ललितकलादर्श काढली तेव्हा तेही सतराच वर्षांचे होते, आधीच्या स्वदेशहितचिंतक कंपनीतून बाहेर पडून. सतरा! आमच्याकडे सतराव्या वर्षी मुलं क्लास बदलायचा की नाही यावर घरी रडारड करतात. तर पाच वर्षांत दोनदा किर्लोस्करची पुढची फळी गेली आणि मग ती पूर्वीची किर्लोस्कर काही परत झाली नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली आणि ती मला फार आवडते. ८ जुलै १९२१, मुंबई, टिळक स्वराज्य फंडासाठी मानापमानचा संयुक्त प्रयोग. नायिका भामिनी बालगंधर्व, नायक धैर्यधर केशवराव भोसले. दोन फुटीर कंपन्यांचे दोन मालक, धंद्यातले कट्टर प्रतिस्पर्धी, एका रंगमंचावर, आणि नाटक कुठलं तर मूळ किर्लोस्कर कंपनीचं. त्यानंतर तीनच महिन्यांनी केशवराव वारले. तुमचे आजोबा त्या प्रयोगाबद्दल काही सांगायचे का? सांगत असतील तर कृपा करून लिहून पाठवा, मी वाट बघते.

प्रश्न : तुमच्या सदरात नेहमी कलाकारांची बाजू असते म्हणून मुद्दाम लिहितोय. मी एका संस्थेचा खजिनदार आणि सगळे पाठीमागे बोलतात तसा "मॅनेजमेंट". पगारी नाही, नोकरी सांभाळून करतो. मागच्या महिन्यात प्रयोगाच्या दोन दिवस आधी सहा कलाकारांनी कारभाराचा निषेध म्हणून काम सोडलं. थिएटरचं भाडं भरलेलं, जाहिरात गेलेली, १४० तिकिटं विकलेली. पैसे परत देताना काउंटरवर मी एकटाच होतो. निषेध वगैरे ठीक आहे पण आम्ही कायम व्हिलनच का?
— नागपूर

उत्तर : दोन दिवस आधी सोडलं हे चूक. यात मी कुणाची बाजू ऐकून घेणार नाही. भांडण तुमच्याशी होतं, १४० माणसांशी नव्हतं, त्यांनी रिक्षा ठरवली होती, मुलाला शेजारी ठेवायचं ठरवलं होतं. प्रयोग करायचा, पडदा पडल्यावर मेकअप पुसायचा आणि मग सांगायचं उद्यापासून नाही. किंवा बुकिंग उघडायच्या आधी सांगायचं. वर घाशीरामचं लिहिलंय त्यावरून कुणी म्हणेल तेही असेच, तर नाही, तिथे करायला तयार असलेल्यांचं नाटक थांबवलं गेलं होतं, त्यांनी बसलेल्या प्रेक्षकांना उठवलं नव्हतं.

व्हिलनचं म्हणाल तर, हे काम मी पण केलंय. संस्था सोडून आम्ही सहा उरलो, नवीन ग्रुप काढला, तर वही कुणी ठेवायची यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले, अक्षर चांगलं ना! सात वर्षं ठेवली. तेव्हा कळलं की थिएटरचं भाडं, लाइटवाला, टेम्पो, हमाली, वडापाव, भाड्याचे विग, त्यातला एक हरवला म्हणून भरपाई, आणि रात्री दोनला घरी येऊन हे सगळं लिहायचं आणि सकाळी रंगमंचावर मिशा पिळणारा नट विचारतो, काय हो, पैसे कुठे जातात? माझ्या वहीत एका प्रयोगाला "इतर खर्च ८० रु." असं लिहिलंय, मला आजतागायत आठवत नाही ते कशाचे. खाल्ले नाहीत एवढं नक्की. पण माझ्यावर संशय घेणाऱ्याकडे "इतर" हा शब्द होता.

तुमच्या पत्रात एक गोष्ट मात्र नाहीये. ते सहा जण नक्की कशावरून गेले ते तुम्ही लिहिलंच नाही, नुसतं "कारभाराचा निषेध". म्हणजे एकतर तुम्हाला माहीत नाही किंवा सांगायचं नाही. माहीत नसेल तर आज त्यातल्या एकाला फोन करा, सगळ्यांत तोंडाळ असेल त्याला, भांडायला नाही, ऐकायला. हिशोब विचारला होता आणि मिळाला नव्हता असं निघालं तर मग अर्धा हिशोब तुमच्याकडे येतो. प्रत्येक प्रयोगानंतर जमाखर्चाचा एक कागद तालमीच्या हॉलच्या भिंतीला चिकटवून टाका, ग्रुपवर फोटो नको, भिंतीला. लोक चहा पिता पिता वाचतात, दोन चुका काढतात, आणि गप्प होतात. आमच्याकडे तो सुरू केल्यावर पहिल्याच महिन्यात एकाने येऊन विचारलं, टेम्पोवाल्याला एवढे कशाला, माझा मामा आहे ना, आणि टेम्पोचे पैसे निम्मे झाले.

आणि भालबा केळकरांबद्दल एक. घाशीरामच्या गोष्टीत ते नाटक बंद पाडणारे म्हणून उरलेत, पण पी.डी.ए. त्यांनी उभी केली होती, डॉ. लागूंसारखी माणसं तिथे काम करून गेली होती, आणि घाशीराम करणारी मुलंही त्याच घरात वाढलेली. त्यांनी घेतलेला निर्णय मला पटत नाही, नाटक थांबवायला नको होतं. पण संस्था जपायची की नाटक, हा प्रश्न ज्याच्या अंगावर पडतो त्याला रात्री झोप लागत नसणार एवढं मला त्या वहीमुळे कळतं. मुंबईतली १९६० ची रंगायन ही नाट्यसंस्था आणि तिच्यातल्या मतभेदांनंतर १९७१ मध्ये अरविंद-सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांनी काढलेली आविष्कार, तिथेही तेच. दोन्हीकडे मोठी माणसं, दोन्हीकडे नाटकावर जीव. आविष्कारमधून पुढे दादरला छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये जी प्रायोगिक रंगभूमी उभी राहिली ती राहिली नसती तर आपण आज कितीतरी नाटकं बघितलीच नसती. आणि तिथेही वही कुणीतरी ठेवतच होतं, काकडेकाकांचं नाव नट म्हणून किती जण सांगतील? आणि संस्था उभी कुणामुळे होती विचारलं तर सगळे तेच नाव घेतील.

त्या सहा जणांना ना हरकत पत्र मागितलं तर द्या. अडवून ठेवू नका.

प्रश्न : व्यावसायिक नाटकात काम करते, दुसरंच नाटक. सात नाइटचे (सात प्रयोगांच्या मानधनाचे) पैसे बाकी आहेत, दौऱ्यावर राहायची सोय पण वाईट होती, मुलींना एका खोलीत पाच जणी. माझे तीन सहकलाकार निषेध म्हणून सोडतायत आणि मलाही सोड म्हणतायत. व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं तर चालतं का? पुढे कुणी काम देणार नाही अशी भीती पण वाटते.
— ठाणे

उत्तर : तू सभासद नाहीस, कामाला घेतलेली नटी आहेस, त्यामुळे सांगलीवाल्यांना सांगितलेलं तुला लागू नाही. तुझं सोपं आहे. करार लेखी असेल तर त्यात सोडायची नोटीस किती दिवसांची ते बघ आणि तेवढी दे. नसेल, आणि बहुतेक नसेलच, तर घेतलेल्या प्रयोगांच्या तारखा पूर्ण कर आणि पुढच्या तारखा घेऊ नकोस. व्हॉट्सअ‍ॅपवर कळव पण त्याच दिवशी ईमेल पण कर, तारखेसकट, कुठल्या गावचे कुठले प्रयोग बाकी आहेत ते एकेक लिहून. "माझे पैसे द्या" असं नको, "अमुक तारीख, अमुक थिएटर, दुपारचा प्रयोग, नाइट बाकी" असं. सात ओळी. पाचजणींच्या खोलीचं पण लिही, फोटो असेल तर जोड. निर्मात्याने दाद दिली नाही तर निर्माता संघाकडे, नाट्य परिषदेकडे तोच ईमेल पुढे पाठवता येतो, तिथे रडून सांगण्यापेक्षा कागद जास्त चालतो.

चौघींनी एकत्र सोडायचं की नाही ते तुझं तू ठरव, पण मैत्रिणी सोडतायत म्हणून सोडू नकोस, त्यांचे किती नाइट बाकी आहेत ते विचारलंस का? काम मिळणार नाही ही भीती प्रत्येकीला असते, मलाही होती. माझ्या बघण्यात काम अडलं ते प्रयोगाच्या दिवशी गायब होणाऱ्यांचं, पैसे मागणाऱ्यांचं फार कमी वेळा.

आणि पुढच्या नाटकात पाकीट मिळालं की तिथेच उघडून मोज, विंगेत, सगळ्यांसमोर. लाजू नकोस. मी मोजायचे, एकदा त्यात पन्नासची नोट कमी निघाली आणि व्यवस्थापकाने काहीही न बोलता स्वतःच्या खिशातली काढून दिली.